मेट्रनअक्का आणि भिकारडा

मेट्रनअक्कांनी सैतानाला सैतान असं कधी म्हटलं नाही. त्या त्याला भिकारडा म्हणायच्या. उपासनेत त्याचं नाव निघालं की बाकीच्यांचे आवाज आपोआप खाली यायचे, एखादी म्हातारी पदर सावरून बसायची. अक्का मात्र दारातली दुधाची पिशवी पळवणाऱ्या शेजाऱ्याबद्दल बोलावं तशा बोलायच्या. "आला होता भिकारडा सकाळी," असं भाजी निवडता निवडता सांगायच्या. काय म्हणाला, असं विचारलं तर म्हणायच्या, "काय म्हणणार? एदेन बागेत पाठ केलेलं तेच. पहिलीतून दुसरीत कधी गेलाच नाही तो."

अक्का मूळच्या बेळगावच्या. बंगलोरच्या एका मोठ्या दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या आणि चामराजपेटेत दोन खोल्यांत एकट्या राहणाऱ्या. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलंच तर "वॉर्डातून सवड मिळाली नाही" एवढंच उत्तर मिळे. पांढरी, खळ दिलेली साडी आणि छातीवर पिनेला उलटं टांगलेलं घड्याळ, निवृत्त झाल्यावरसुद्धा. कुणी आपलं आत्मिक दुखणं सांगायला लागलं की त्या गुपचूप त्याचं मनगट धरायच्या आणि घड्याळाकडं बघायच्या. आधी नाडी, मग नरक, असा क्रम होता. निम्म्या लोकांना तर त्या काही न बोलता ताट वाढायच्या. "प्रभूकडंसुद्धा तो उपास घडल्यावर आला. पोट भरलेल्याच्या दारात उभं राहायची छाती नाही त्याची. उगाच नाही म्हणत भिकारडा."

हाकलायची रीतही त्यांची स्वतःची होती. गल्लीच्या कोपऱ्यावरचं खरजुलं कुत्रं त्यांच्या पायरीवर येऊन बसलं की त्या नजर वर न करता "होगो" म्हणायच्या. कानडीत 'चल, नीघ' म्हणायचा हा सगळ्यात बिनमानाचा प्रकार. भिकारड्यालाही तोच शब्द. काठी नाही, आरडाओरडा नाही. एवढ्यावर तो जातो का, असं मी विचारलं होतं. "प्रभूनं त्याला एकदा हरवलंय. हरलेल्या पैलवानाला परत हलगी लावून आखाड्यात कशाला आणायचं?"

आता माझ्याबद्दल. त्या वर्षांत बंगलोरात आत्मिक युद्धाची साथ आली होती, आणि कुठलीही साथ आली की ती मला आधी होते. कोरमंगल्यातल्या एका भाड्याच्या हॉलात तीन दिवसांचं शिबिर झालं. कोटातला पाहुणा वक्ता घाम पुसत शत्रूचे, म्हणजे सैतानाचे, किल्ले, त्याचे सरदार, त्यांची खाती आणि बढत्या असं सगळं सांगत होता. मी भारावलो. अक्कांना आग्रह करून शेवटच्या दिवशी घेऊन गेलो. परतताना बसमध्ये त्या म्हणाल्या, "माणसाला माहिती भारी आहे. भिकारड्याचा भाचा असावा."

मी मनात म्हटलं, म्हातारीला काय कळतंय. शिबिरातून मी ऑलिव्ह तेलाची एक उंची बाटली घेऊन आलो होतो, प्रार्थना करून दिलेली. त्या बाटलीच्या जोरावर मी जगाकडं वरून बघू लागलो.

पहिली लढाई पुढच्याच रविवारी. कन्नड मंडळी उपासना उरकून घरी गेली की दुपारी त्यांचं चर्च आम्हा मूठभर मराठी लोकांना मिळायचं, आणि तिथं मी पेटी वाजवायचो. वाजवायचो म्हणजे पेटी मला सहन करायची. त्या दिवशी पहिल्याच गीताला तिनं फुस्स करून प्राण सोडला. मी उठलो आणि जाहीर केलं, "आपल्या स्तुतीवर हल्ला झालाय." सगळ्यांना उभं केलं, हात वर करायला लावले, स्वतः पेटीवर हात ठेवून गरजलो. अक्का शांतपणे पुढं आल्या, पेटी उलटी केली. भात्याला लिंबाएवढं भोक, आणि आत लेंड्या.

"उंदराचं काम त्याच्या नावावर घालू नको," त्या म्हणाल्या. "उंदीर निदान मेहनत तरी करतो."

त्या दिवसापासून त्या मला सेनापती म्हणायला लागल्या. सगळी मंडळीच म्हणायला लागली. मी तो बहुमान समजून चाललो होतो, यावरून माझ्या अकलेचा अंदाज यावा.

त्या वेळी मी के. आर. पुरममध्ये गौरम्मा नावाच्या बाईंच्या खोलीत भाड्यानं राहायचो. सोबत शांतवन. नगरकडचा, एका कारखान्यात फिटर, मोठ्यानं हसणारा. त्या नाताळानंतर त्याची आई गावी वारली. माती देऊन परत आला तो वेगळाच. कामावर जाईना, जेवेना. भिंतीकडं तोंड करून पडून राही. पुढचा रविवार प्रभुभोजनाचा होता, प्रभूच्या मेजावरची भाकर घ्यायचा. "माझ्यासारख्यानं त्या मेजाजवळ जाऊ नये," म्हणाला. मी म्हटलं, असं काय केलंस तू? तर म्हणे, "मी मुळातच वाईट आहे रे. मी नसलेलाच बरा."

हे शेवटचं वाक्य ऐकून कुठलाही शहाणा माणूस त्याच्याजवळ बसला असता. मी बाटली काढली.

दाराच्या चौकटीला तेल लावलं, खिडकीला लावलं, शांतवनच्या कपाळाला लावलं. गौरम्मांचं वरच्या मजल्याचं बांधकाम चाललं होतं आणि दृष्ट लागू नये म्हणून त्यांनी बाहेर मिशाळ राक्षसाचं रंगवलेलं तोंड टांगलं होतं. ते मी काढून हौदामागं ठेवलं. "अय्यो," गौरम्मा धावत आल्या, "ते माझं घर राखतंय. तुझं काय खातंय ते?" मी त्यांनाही समजावू लागलो. मग आत येऊन, शांतवनच्या छातीकडं बोट रोखून, वक्त्याच्या आवाजात, त्याच्यातल्या शत्रूला निघून जायचा हुकूम सोडला. आवेशात एक पाऊल मागं घेतलं, ते नेमकं उंबऱ्यावर. उंबऱ्यावर तेल मी हात सैल सोडूनच ओतलं होतं. पाय सटकला आणि सेनापती दारातच आपटले. गौरम्मा पोट धरून हसल्या.

शांतवन हसला नाही. एरवी हा माणूस मी नुसता शिंकलो तरी हसायचा. तो माझ्याकडं बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "म्हणजे माझ्यात आहे तर ते."

तेव्हा मी घाबरलो. इतके दिवस जे त्याला फक्त वाटत होतं त्यावर मी देवाच्या नावानं शिक्का मारून दिला होता. गौरम्मांना हात जोडून म्हटलं, याच्यापाशी बसा, हलू नका. राक्षसाचं तोंड होतं तिथं परत टांगलं आणि मार्केटची बस पकडली. अक्कांच्या दारात पोचेपर्यंत मला रडू यायला लागलं होतं. त्यांनी माझीही नाडी बघितली. "सरी, बरं, कळलं," म्हणाल्या आणि डबा भरायला घेतला.

आम्ही रिक्षानं पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. दारात येताच अक्कांनी नाक उडवलं. "तेलाचा वास कसला? भजी केली होतीस?" मग माझ्यापुढं हात पसरला. मी बाटली दिली. "हे माझ्याकडं जपून राहील. तुझ्या हातात नको." बाटली पिशवीत गेली. मग त्यांनी खिडक्या उघडल्या, शांतवनचं कपाळ ओल्या फडक्यानं पुसलं आणि मनगट धरून बसल्या. प्रार्थना नाही की प्रश्न नाही. डब्यातली पेज निघाली. "स्वल्प घे. दोन घोट." शांतवन सगळी पेज प्यायला आणि झोपला. मी कुजबुजलो, "अक्का, सुरुवात कधी करायची?"

"झाली की," त्या म्हणाल्या. "एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूतानं काय केलं? भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं. भाषण नाही केलं. गप्प बस."

तो उठला तेव्हा गौरम्मांकडं दिवेलागण होत होती. अक्कांनी खुर्ची जवळ ओढली.

"काय म्हणतो भिकारडा?"

शांतवन जरा गोंधळला. "म्हणतो, तू वाईट आहेस."

"कशात?"

"सगळ्यात."

"सगळ्यात म्हणजे? कधी, कुठं, कुणाशी? नाव सांग त्याचं."

त्याला सांगता येईना.

"ऐक," अक्का म्हणाल्या. "देवाचा आत्मापण पाप दाखवतो. पण तो डॉक्टरासारखा बोट ठेवतो. इथं, हे. दुखतं, पण औषध सांगितल्याशिवाय तो उठत नाही. भिकारड्याला बोट ठेवता येत नाही. तो अख्ख्या माणसावर चादर टाकतो, तोंडावरून, मेलेल्यावर टाकतात तशी. मी जन्मभर चादरी बघितल्यात. जिवंत माणसावर टाकलेली मला लगेच कळते." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आता बोट ठेवण्यासारखं काही असलं तर सांग."

मग शांतवन बोलला. नाताळाच्या आधी बहिणीचा कारखान्यात फोन आला होता. आई आठवण काढते, जमलं तर ये, म्हणाली. तो म्हणाला, सुटी नाही. सुटी होती. त्या सुटीत तो म्हैसूरला फिरायला गेला. म्हैसूरची कल्पना माझी होती. मी खाली बघितलं.

मला वाटलं, आता अक्का म्हणतील, जाऊ दे रे, एवढं काय. त्या तसं काही म्हणाल्या नाहीत. "हं," त्या म्हणाल्या, "हे पाप आहे. खोटं बोललास, आणि आईला शेवटचा भेटला नाहीस. लहान नाही."

शांतवन हुंदके देऊन रडू लागला. आल्यापासून पहिल्यांदाच. अक्कांनी रडू दिलं.

"पण याला नाव आहे," त्या म्हणाल्या. "ज्याला नाव आहे त्याला क्षमा आहे. त्यासाठीच तर प्रभू वधस्तंभावर गेला. देवाला नाव घेऊन सांग. मग बहिणीला सांग. आणि हे सोडून तो जे काही बडबडेल, सगळ्यात वाईट, मुळात वाईट, नसलेला बरा, त्याला काय म्हणायचं?"

शांतवन नाक पुसत पुटपुटला, "होगो."

"उद्या परत येईल. कुत्रं एका हाकेत जात नाही. परत म्हणायचं."

त्याच संध्याकाळी त्यानं कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून बहिणीला फोन केला. अक्का काचेबाहेर पाठ करून उभ्या राहिल्या. सोमवारी त्या त्याला आपल्या जुन्या दवाखान्यात डॉक्टरांकडं घेऊन गेल्या. मी माझी हौस पुरती विसरलो नव्हतो, विचारलं, "प्रार्थना केली ना, मग डॉक्टर कशाला?" त्या म्हणाल्या, "परवा आपटलास तेव्हा कंबर मोडली असती तर तिच्यावर ओरडून बघितलं असतं का?"

प्रभुभोजनाच्या रविवारी शांतवन आला. अक्का त्याच्या मागच्या बाकावर, मी पुढं पेटीपाशी. पाळकसाहेब भाकरीचं ताट घेऊन त्याच्यासमोर आले आणि त्याचा हात अर्ध्यावर थांबला. मला वाटलं, हा उठून जाणार. तेवढ्यात मागून खणखणीत आवाजात आलं, "होगो." पाळकसाहेब दचकून दोन पावलं मागं सरकले. त्यांना वाटलं, आपल्यालाच. शांतवनला हसू फुटलं, खांदे हलायला लागले, आणि त्या हसण्यातच त्यानं हात पुढं करून भाकर घेतली. एरवी मी प्रभुभोजनात हसणाऱ्याला दोष दिला असता. त्या दिवशी मी ठिगळ लावलेल्या पेटीमागं तोंड लपवून रडलो, आणि पुढचं गीत नेहमीपेक्षाही वाईट वाजवलं.

पुढं शांतवन बरा झाला, एकदम नाही, हळूहळू. लग्न करून होसूरला गेला. मी अक्कांकडं जात राहिलो. त्या ऑम्लेट करून घालायच्या. मी तेल परत मागितलं की "जपून ठेवलंय" म्हणायच्या आणि दुसरं काहीतरी काढायच्या. एकदा मी म्हटलं, अक्का, तुमच्या ऑम्लेटला चव वेगळीच असते. "तवा चांगला आहे," त्या म्हणाल्या.

काही वर्षांनी त्या आजारी पडल्या. ज्या वॉर्डावर राज्य केलं त्याच वॉर्डात, खिडकीजवळची खाट. मी शेवटचा गेलो ती दुपार होती. पिनेचं घड्याळ उशाशी ठेवलेलं. मनगट धरायला त्यांनी हात उचलला, पण माझ्यापर्यंत पोचला नाही, म्हणून मी त्यांचं धरलं.

"येतो रे तो," त्या म्हणाल्या. डोळ्यांत भीती होती. इतक्या वर्षांत मी ती पाहिली नव्हती. "म्हणतो, सगळं फुकट गेलं."

मी काय करावं? मी खुर्चीवरून उठलो, डोळे मिटले आणि शिबिरातला आवाज लावला. पलीकडच्या खाटेवरची बाई दचकून जागी झाली. अक्कांनी बोटं हलवली. "साकु," त्या म्हणाल्या. पुरे.

मी बसलो. मग जे एकदा ऐकलं होतं तेवढंच विचारलं. "सगळं म्हणजे काय, अक्का? कधी, कुठं, कुणाशी? नाव सांगा त्याचं."

त्या छताकडं बघत राहिल्या. आयुष्यभराचे वॉर्ड तपासत असाव्यात, खाट न् खाट.

"एक आहे," त्या म्हणाल्या.

मी खुर्ची जवळ ओढली.

"तुझं ते तेल. जपून ठेवलंय म्हणत होते ना? ऑम्लेटं केली मी त्यात. संपेपर्यंत."

"जाऊ दे, अक्का."

"जाऊ दे नाही. नीट म्हण."

"मेट्रनअक्का, तेलाबद्दल मी तुम्हाला क्षमा केली."

त्यांनी डोळे मिटले. श्वास संथ झाला. झोप लागली समजून मी हळूच हात सोडवू लागलो, तेव्हा ओठाचा एक कोपरा हलला.

"बघ," त्या म्हणाल्या, "जन्मभर दबा धरून बसला भिकारडा. आणि शेवटी हाती काय लागलं, तर तेलाची रिकामी बाटली."