दत्तारामचा ठेका

त्या काळी परळच्या त्या चाळीत गुरुवार कळायचा तो पखवाजावरून. पहिल्या पाळीची माणसं गिरणीतून यायची, अंगावरचा कापूस धुऊन काढायची, कपाळाला बुक्का लावून तिसऱ्या मजल्यावर जमायची. मग पखवाजाचा पहिला घुमारा उठला की खाली नळावर हुज्जत घालणाऱ्या बायकासुद्धा म्हणायच्या, "दत्ताराम बसला वाटतं."

दत्ताराम देवगडकडचा. गिरणीत कापूस पिंजायच्या यंत्रावर कामाला. माणूस मुखदुर्बळ, चार शब्द विचारले तर एक द्यायचा. पण पखवाजावर हात पडला की त्याचं सगळं बोलणं तिथून बाहेर यायचं. बायको जाईबाई म्हणायची, "आमच्या घरात मी तोंडानं बोलते, हे हातानं."

तो हातच एका दुपारी यंत्रात सापडला. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. जखम भरली, गिरणीनं त्याला कामावरून काढलंही नाही. फक्त यंत्राऐवजी झाडू दिला. झाडूचं त्याला फारसं वाटलं नाही. वाटलं ते गुरुवारचं. एकदा दार लावून त्यानं पखवाज मांडीवर घेऊन पाहिला. जिथे दोन बोटं पडायची तिथे नुसता वारा गेला. त्यानं पखवाज जाईबाईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर टाकला.

भजनी मंडळी बोलवायला आली, तर हा म्हणाला, "माका नको. ह्यो हात आता कित्याच्या कामाचो? देवाक नको होतो, म्हणान त्येणां घेतल्यान."

हे त्याच्या मनानं घट्ट धरलं. देवानं आपल्याला झिडकारलं. आपण होतोच मुळात कुचकामी, लोक तोंडावर बरं म्हणत होते इतकंच. चाळीत कुणी हसलं की त्याला वाटायचं, आपल्यालाच हसतायत. गुरुवारी भजन सुरू झालं की तो चपला घालून भायखळ्याच्या पुलापर्यंत चालत जायचा आणि सगळं आटोपल्यावर परतायचा. जाईबाई देवापुढे दिवा लावायची, नवऱ्याला काही म्हणायची नाही.

पुढे छप्पन सालचा जानेवारी आला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही हे जाहीर झालं आणि गिरणगाव पेटलं. गोळीबारात माणसं गेली. चाळीचाळीतून सत्याग्रहाला तुकड्या निघू लागल्या. एका सकाळी दत्तारामही त्यांच्यात जाऊन उभा राहिला. जाईबाईनं विचारलं, "तुम्ही कशाला?" तो म्हणाला, "कामाच्या माणसांनी कामाक जावचा. माझ्यासारख्यान तुरुंगात बसाचा, तेवढाच जमात." पुढे मंडळी त्याला सत्याग्रही म्हणून मान द्यायची तेव्हा तो संकोचायचा, तो या उत्तरामुळे.

तुरुंगात त्याच्या शेजारी गिरगावचे एक पेन्शनर होते. सगळे त्यांना नाना म्हणत. जन्मभर कचेरीत कारकुनी केलेला, धोतराची निरी तुरुंगातही नीट ठेवणारा गृहस्थ. संध्याकाळी बराकीला कुलूप पडायच्या आधी नाना भिंतीला टेकून बसायचे आणि डोळे मिटून नामाचा गजर करायचे. आवाज असा की फुटक्या घागरीत खडे घालून हलवावेत. ताल तर त्यांच्या गावीच नव्हता. दोन मात्रा खायचे, तीन जास्त घ्यायचे. बाकीची माणसं भक्तिभावानं त्यांच्यामागून जायची आणि मध्येच खड्ड्यात पडायची.

पहिले काही दिवस दत्तारामनं कानांत बोटं घातली. नंतर त्याचा जीव कासावीस व्हायला लागला. आयुष्यभर ताल सांभाळलेला माणूस, त्याला ते सोसवेना. एका संध्याकाळी नाना असेच भलतीकडे निघाले, तेव्हा त्याच्याही नकळत त्याचा हात जवळच्या पालथ्या बादलीवर पडला. एक ठेका, दुसरा ठेका. गजर सरळ रस्त्याला लागला. माणसं खुलली, आवाज चढले. आणि मग दत्तारामला आपला हात दिसला. तो थांबला, हात मांडीखाली दडपून बसला.

गजर संपल्यावर नाना म्हणाले, "का हो, सोडलंत का?"

दत्तारामनं हात पुढे केला. "दोन बोटां नाय. बोल नीट उमटणत नाय. देवापुढे असा अर्धवट कसा वाजवायचा?"

नाना हसले. "मी बेसूर गातो हे तुम्हाला कळलं ना?"

दत्तारामनं संकोचून मान हलवली.

"अहो, मलाही ठाऊक आहे. आमचं कुटुंब चाळीस वर्षं सांगतंय. पण देवानं अजून मला ऊठ म्हणून सांगितलेलं नाही. तोवर मी बसणार. तुम्हाला सांगितलंय का त्यानं?"

त्या रात्री दत्ताराम पडल्या पडल्या आठवत राहिला. ऊठ असं कुणीच म्हटलं नव्हतं. मंडळी उलट बोलवायला आली होती. उठलो तो आपणच. आपण देवासाठी वाजवत होतो की लोकांनी चांगलं म्हणावं म्हणून, हे त्यानं स्वतःला पहिल्यांदा विचारलं, आणि जे उत्तर आलं त्यानं त्याला रडू फुटलं. पण ते रडणं मोकळं होतं.

दुसऱ्या संध्याकाळी बादली त्यानं स्वतःच ओढून घेतली. गेलेल्या बोटांचं काम मधल्या बोटाला शिकवायला लागला. चुकला की नाना म्हणायचे, "चालू द्या, देवाला आपली सवय आहे."

सुटून आला तेव्हा चाळीनं हार घातले. पुढच्या गुरुवारी जाईबाईनंच पखवाज माळ्यावरून काढून पुसून ठेवला. चामड्याच्या वाद्या सैलावल्या होत्या, त्या ओढून घ्यायला दोन माणसं लागली. भजन सुरू झालं आणि मध्येच त्याचा एक बोल फसला. जुना विचार लगेच कानाशी आला, पाहिलंस, तू कुचकामी. तो उठायच्या बेतात होता. पण त्यानं डोळे मिटले, मनात नाम घेतलं आणि पुढची सम गाठली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. जाईबाईच्या मात्र आलं. ती दाराशी उभी होती.

साठ साली महाराष्ट्र झाला. त्या सकाळी परळ-लालबागभर गुलाल होता आणि चाळीचं भजन रस्त्यावर उतरलं होतं. नाना गिरगावहून मुद्दाम आले, सगळ्यांच्या पुढे उभं राहून यथेच्छ बेसूर गायले, आणि दत्तारामनं त्यांना शेवटपर्यंत सावरून नेलं.

मनातलं ते कुरतडणं पुरतं गेलं असं नाही. म्हातारपणीही कधीकधी तो गुरुवारी जेवताना गप्प व्हायचा. जाईबाई विचारायची, "आज परत आलं काय ते मनात?"

"आला."

"मग?"

"मग काय. येऊ दे. बसात थंयच कोपऱ्यात, भजन आयकत," असं म्हणून तो हात धुवायला उठायचा.