कामांची वाटणी

माझ्या मुलीच्या, मित्राच्या, हातात जिलब्यांचं ताट होतं. मंडळाच्या गणपतीची पंगत नुकतीच बसली होती. ती दुसऱ्याच पानावर वाढायला वाकली, तेवढ्यात मंजिरीताईंनी तिच्या हातातलं ताट काढून घेतलं. हसत हसत. ओढलं नाही, नुसतं घेतलं.

"अगं राहू दे बाळा. तू बाबांकडे जा. त्यांना पिशव्या बांधायला मदत हवीय."

मी हॉलच्या मागच्या दारात उभा होतो. हातात रबरी मोजे. शेजारी कचऱ्याचे डबे, ओल्या कचऱ्याचा, कागदाचा, बाकी सगळ्याचा, आणि प्लास्टिकसाठी पिवळ्या पिशव्यांची गुंडाळी. मी मदत मागितली नव्हती. जेवणं सुरू झाली नव्हती, कचरा कुठून येणार?

मित्रा पंधरा वर्षांची, जन्म इथलाच, जर्मनीतल्या इंगोलश्टाटचा. मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पापा, वारुम इमर विअर?"

नेहमी आपणच का?

मी म्हणालो, "अगं, कोणीतरी करायलाच हवं ना."

हे मी म्हणालो. कोणी माझ्याकडून वदवून घेतलं नव्हतं. याची लाज मला अजून वाटते.

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत काम करतो. वडील मराठवाड्यातल्या एका नगरपालिकेत सफाई कामगार होते. गटारं उपसायचे. मला दहावीत चांगले मार्क पडले तेव्हा पेढे वाटले नाहीत त्यांनी. म्हणाले, "झाडू माझ्याबरोबर संपला पाहिजे." एवढंच. मी मान डोलावली होती.

इथल्या मराठी मंडळात पहिल्यांदा गेलो तेव्हा ओळखपरेड झाली. प्रत्येकाने उठून आपलं गाव सांगायचं, घरच्यांबद्दल सांगायचं. कोणाचे वडील प्राध्यापक, कोणाचे बँकेत. माझी पाळी आली. मी उठलो आणि सरळ सांगितलं, माझे वडील सफाई कामगार होते. अभिमानाने सांगितलं. वाटलं, एवढ्या लांब आलोय, आता कशाला लपवायचं. टाळ्या पडल्या. एक बाई तर डोळे पुसत होत्या.

त्यानंतरच्या गणपतीला कामांचा तक्ता आला. रंगमंच, साऊंड, स्वयंपाक, वाढप, पूजा. सगळ्यात खाली, कचरा. त्याच्यापुढे माझं नाव.

पहिल्या वर्षी काहीच वाटलं नाही. दुसऱ्या वर्षी मंजिरीताई म्हणाल्या, "तुम्हाला ते वेगवेगळं करणं इतकं छान जमतं!" त्या मंडळाच्या सेक्रेटरी. गोड बोलतात, सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवतात. मला नक्की काय जमत होतं? जर्मनीत राहणारा प्रत्येक माणूस रोज घरी कचरा वेगळा करतो. तिसऱ्या वर्षी, चौथ्या वर्षी तेच. साऊंडवाला वाढपात गेला, वाढपवाला पूजेत. माझी ओळ हलली नाही. सहा वर्षं झाली.

आमच्या घरी गणपती बसत नाही. मग जायचं कशाला? बायको दरवर्षी हेच विचारायची. "अहो, आपला काय संबंध?" मी म्हणायचो, पोरीच्या कानावर मराठी पडेल. खरं म्हणजे माझ्याच कानांना भूक असायची. आठवडाभर जर्मन ऐकून डोकं जड होतं. तिथे एकदम सगळीकडून मराठी यायची, तेव्हा बरं वाटायचं. त्या बरं वाटण्यासाठी मी पिशव्या बांधत होतो.

रागाने माणूस दमत नाही. समजून घेऊन घेऊन दमतो. यांच्या मनात तसं नसेल, माझाच गैरसमज असेल, उगाच कशाला वाईटपणा घ्यायचा. सहा वर्षं मी हेच केलं.

हिवाळ्यात मित्राला शाळेतून एक रेफेराट मिळाला. म्हणजे वर्गापुढे उभं राहून एका विषयावर बोलायचं. विषय होता, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात फॅसिझम का वाढला. मी खूश झालो. हे मला तोंडपाठ होतं. शाळेत घोकलं होतं. मी धडाधड सांगायला लागलो. व्हर्सायचा अपमानास्पद तह, महागाई, महामंदी, बेकारी, साम्यवादाची भीती, दुबळं सरकार.

तिने लिहून घेतलं. मग यादीकडे बघत बसली. आणि जर्मनमध्ये जे म्हणाली त्याचा अर्थ असा, "पापा, तुझ्या यादीत कोणीच काही करत नाही. सगळं आपोआप होतं."

मी यादी पुन्हा वाचली.

तिच्या बाईंनी सांगितलं होतं, एक तरी कारण आपल्या परिसरात शोधा. आमचा गणपती ज्या हॉलमध्ये होतो, तो शेजारच्या गावातल्या एका जुन्या व्यायाम संघाचा. आम्ही तिथल्या हाउसमाइस्टरला, म्हणजे हॉलची देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्याला, भेटलो. त्याने कपाटातून सभेच्या नोंदींची जुनी वही काढली. अक्षर जुन्या वळणाचं. मित्रालाही वाचता येईना. तोच बोट ठेवून वाचत गेला.

नाझी सत्तेवर यायच्या बऱ्याच वर्षांआधीची सभा. कुठला कायदा नव्हता, कोणाची सक्ती नव्हती. विषय चौथा, यापुढे संघात ज्यू सभासद नसावेत. मंजूर. लहान मुलांना कसरती शिकवणाऱ्या एका ज्यू सभासदाने संघात शांतता राहावी म्हणून स्वतःहून राजीनामा दिला, त्याबद्दल त्याचे आभार. तीन ओळी. विषय पाचवा, उन्हाळी जत्रेत बँड कोणता आणावा. त्यावर दीड पान चर्चा.

वहीत सभासदांचा एक फोटो होता. चांगल्या कपड्यांतले, खाऊनपिऊन सुखी लोक. यातला कोणी मला बेकार वाटला नाही.

म्हाताऱ्याने वही मिटली. सभेच्या नोंदी त्याच्या आजोबांनी लिहिल्या होत्या. आम्ही काही विचारलं नव्हतं, तरी तो म्हणाला, "ते नाझी नव्हते. ते नुसते सेक्रेटरी होते."

मित्राने ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

येताना गाडीत मला मंडळाचा तक्ता आठवत होता. मी बरोबरी करत नाही. ज्यूंना पुढे गाड्यांत भरून नेलं, मारलं. मला फक्त पिशव्या दिल्या. हा फरक मला कळतो, आणि तो पुसणाऱ्याला मी कधी माफ करणार नाही. पण त्या तीन ओळींतला माणूस माझ्या डोक्यातून जाईना. शांतता राहावी म्हणून तो गेला. त्याचे आभार मानले त्यांनी! तहानं आणि मंदीनं लोक चिडले असतील, नाही कोण म्हणतं. पण बाजूला कोणाला काढायचं, हे साध्या साध्या लोकांनी गावच्या हॉलमध्ये बसून आधीच ठरवून ठेवलं होतं. आणि ज्याला काढलं त्यानेही वाईटपणा घेतला नाही.

वसंतात मंडळाची वार्षिक सभा झाली. पडद्यावर येत्या गणपतीचा तक्ता होता. खालची ओळ, कचरा. माझं नाव, आणि त्याच्यापुढे या वेळी मित्राचं.

मी उभा राहिलो.

"ही ओळ बदला."

अध्यक्ष हसले. "अहो, मागच्या वर्षीचाच तक्ता कॉपी केलाय."

"सहा वर्षं कॉपी होतोय. आता माझ्या मुलीचं नाव आलं. चिठ्ठ्या टाका. ज्याचं नाव निघेल तो कचरा उचलेल."

कोणीतरी मागून म्हणालं, "इथे जर्मनीत कुठे आलीय जात?"

मी जातीचा शब्दही काढला नव्हता.

मंजिरीताईंचा चेहरा उतरला. "तुम्ही फार पर्सनली घेताय हो. नको असेल तर राहू दे ना, दुसरं कोणीतरी करेल."

"कोण?"

कोणी मोबाईल बघत होतं, कोणी पडदा.

"बरं, चिठ्ठ्यांवर मत घ्या," मी म्हणालो. माझा एकट्याचा हात वर होता. मी तो पुष्कळ वेळ वर ठेवला. "आता हे सभेच्या नोंदींत लिहा. मी काय मागितलं, आणि किती हात वर आले."

"एवढं छोटं कोणी लिहितं का?" असं म्हणत ताईंनी लॅपटॉप मिटला.

बाहेर कोट घालताना या वेळचा साऊंडवाला जवळ आला. हळू आवाजात म्हणाला, "तुमचं बरोबर होतं हं."

"मग आत का नाही बोललास?"

"जाऊ द्या हो. मंडळ फुटेल. तुम्हीच थोडे दिवस ब्रेक घ्या."

चार दिवसांनी सभेच्या नोंदी मेलवर आल्या. कामांची वाटणी, चर्चा झाली, मंजूर. बस्स, एवढंच. पुढे महाप्रसादात पुरणपोळी की श्रीखंड यावर पाऊण पान.

मी दमलोय. खरंच दमलोय. बायको म्हणते, "सोडा आता, आपण आपलं घरीच मराठी बोलू." एक क्षण मलाही तसंच वाटलं. मग मी मेल उघडली आणि सगळ्या सभासदांना उत्तर लिहिलं.

या नोंदी खोट्या आहेत. मी उभा राहिलो होतो. चिठ्ठ्या टाका म्हणालो होतो. माझ्याशिवाय एकही हात वर आला नाही. हे तुम्ही लिहीत नाही तोवर प्रत्येक सभेत मी हाच विषय मांडणार. मी किंवा माझी मुलगी पुन्हा पिशव्या बांधणार नाही. मंडळ फुटलं तर फुटू दे. मी राजीनामा देणार नाही.