चावंडच्या पायऱ्या आणि कळंबची खाट

मे महिन्यात हिमालयात जाणाऱ्या एका गटात मला जागा हवी होती. गटाचे म्होरके फोनवर म्हणाले, "मीनलताई, आधी जुन्नरला जाऊन या. शिवनेरी, चावंड आणि जीवधन. दोन दिवसांत जमले, तर तुम्ही येताय असं धरतो." ही गोष्ट दोन हजार सातच्या एप्रिलमधली. मी तेव्हा चाळिशीला टेकले होते, विमा कचेरीत दिवसभर खुर्चीत बसत होते आणि दोन आठवड्यांपासून सोसायटीचे जिने चढत-उतरत होते. तेवढी तयारी पुरेल असं मला खरंच वाटलं.

सोबत होती सुनंदा. कॉलेजच्या हॉस्टेलमधली माझी मैत्रीण. आता मंचरच्या शाळेत शिकवते आणि तिथून जवळच कळंबला आईवडिलांबरोबर राहते. शिवाजीनगरहून नारायणगावची सकाळची एसटी पकडली. सुनंदा वाटेत मंचरला चढली, हातात काकड्यांची पिशवी आणि दोन मोठ्या बाटल्या. नारायणगावला मिसळ खाऊन दुसऱ्या गाडीने जुन्नर. तुम्ही जाणार असाल तर ही मिसळ चुकवू नका, पण चढायच्या आधी खाऊ नका. आम्ही चुकवली नाही, आणि खाल्लीही चढायच्या आधीच.

शिवनेरी सोपा आहे. पायऱ्या बांधलेल्या, दरवाज्यामागून दरवाजे, वर गार वारा. थांबत थांबत गेलं तर अर्धा दिवस मजेत जातो. मी मात्र घड्याळ लावून निघाले होते. उतरून लगेच लेण्याद्री गाठली, तिथल्याही पायऱ्या एका दमात. लेण्यांत सुनंदा एका खांबाला हात लावून उभी होती, दगडातल्या हत्तींकडे बघत. "मीने, ये की, बघ ना हे," ती म्हणाली. मी तेव्हा नाडी मोजत होते.

दुसऱ्या दिवशी जुन्नर स्टँडवरून घाटघरच्या बाजूला जाणारी जीप केली. एसटी आहे, पण तिच्या वेळा आपल्या सोयीच्या नसतात. परतीचं जीपवाल्याशी आधीच ठरवून घ्या, उशिरा त्या रस्त्यावर काही मिळत नाही. चावंडगावात उतरलो तेव्हाच ऊन चटके देत होतं. चावंडचा शेवटचा टप्पा म्हणजे कातळात खोदलेल्या गुडघाभर उंचीच्या पायऱ्या. एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला पोकळी. वर पाण्याची सात टाकी ओळीने आहेत. मी ती पाहिली म्हणण्यापेक्षा त्यांच्या बाजूने गेले, असं म्हणायला हवं.

खाली येताना मांड्या थरथरायला लागल्या. गंमत वाटली. पाय माझेच, पण शिलाई मशीन चालू असल्यासारखे आपोआप हलत होते. जीपवाले भाऊ झाडाखाली बसले होते. ते म्हणाले, "ताई, जीवधन उद्या करा की. ऊन लई झालंय."

"उद्या ऑफिस आहे," मी म्हणाले.

सुनंदा पिशवी उचलून जीपमध्ये बसली. जीवधनची वाट रानातून जाते आणि मग एकदम कातळ समोर उभा राहतो. तिथल्या पायऱ्या फुटलेल्या आहेत, हात रोवून अंग वर ओढावं लागतं. दरवाजा वर दिसत होता. मी हात वर केला आणि तो खांद्याच्या वर जाईना. मी तिथेच उलटी केली.

"झालं. आता खाली," सुनंदा म्हणाली.

"अगं, दरवाजा तर..."

"दरवाजा कुठं जात नाही. तू बस. बसत बसत उतरायचं."

आम्ही बसूनच उतरलो, लहान मूल जिना उतरतं तसं. जीपमध्ये माझा गुडघा वाकेना. दिवस मावळायच्या आत कळंबला सुनंदाच्या घरी पोचलो. तिच्या आईने मला दोन्ही काखांत हात घालून खाली उतरवलं. "काय गं ही दशा! कोण पाठी लागलं व्हतं का?" त्या म्हणाल्या. मी अंगदुखीची गोळी मागितली. घरात गोळ्या संपल्या होत्या, आणि हे किती बरं झालं ते मला पुढे कळलं.

सकाळी मांड्या टणक सुजल्या होत्या. आणि लघवी झाली ती गडद तपकिरी, कोऱ्या चहासारखी. मी बाहेर येऊन भिंतीला धरून उभी राहिले. सुनंदाला सांगितलं, तेव्हा तिचा चेहरा उतरला. तिचे वडील, अप्पा, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. ते शेजारून गाडी घेऊन आले आणि आम्ही तिघं मंचरला डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टर तरुण होते. आधी त्यांनी "ट्रेकनंतर दुखतंच" असं म्हटलं. मी रंग सांगितला, तेव्हा त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. रक्त घेतलं, लगेच सलाईन लावलं. रिपोर्ट आला, तेव्हा ते खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले.

"तुमच्या मांड्यांचे स्नायू तुटलेत. आतला मालमसाला रक्तात उतरलाय आणि तो गाळायचं काम किडनीवर पडलंय. किडनीला हा भार झेपला पाहिजे."

"आणि नाही झेपला तर?"

"तर पुण्याला पाठवावं लागेल. पण तुम्ही वेळेत आलात. अंगदुखीच्या गोळ्या घेतल्यात का?"

"मागितल्या होत्या. घरात नव्हत्या."

"फार बरं झालं. त्यांनी किडनीला आणखी त्रास झाला असता."

भीती वाटत होती, तरी डोक्यात प्रश्न येतच होते. मी विचारलं, "एवढं चढल्यामुळे झालं?"

"ऊन आहे, पाणी कमी पडलं, सवय नव्हती. आणि चढण्यापेक्षा उतरणं जास्त नडलं. उतरताना स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी अंगाचं वजन रोखून धरत असतो."

अप्पा कोपऱ्यातून म्हणाले, "म्हंजे घाट उतरताना गाडीचे ब्रेक लायनर झिजत्यात, तसंच की."

डॉक्टर हसले. "अगदी तसंच, अप्पा. फक्त हे लायनर पुन्हा उगवतं. वेळ द्यायचा."

तिथल्या कॉटवरून मी म्होरक्यांना फोन केला आणि यंदा येत नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "तुमची जागा दुसऱ्याला देतो." फोन ठेवल्यावर मी रडले. सुनंदा पाण्याचा ग्लास घेऊन उभी राहिली. लघवीचा रंग दिवसागणिक फिका होत गेला, दर वेळी मी तो तिला सांगायचे, आणि आम्ही दोघी परीक्षेचा निकाल लागल्यासारख्या खूश व्हायचो.

सोडताना डॉक्टरांनी प्रवास लगेच नको म्हटलं, म्हणून कळंबच्या पडवीत माझी खाट पडली. समोरून दिवसभर नाशिक रस्त्याचा आवाज. कांद्याचे ट्रक, लग्नाच्या गाड्या. सुनंदाची आई दर थोड्या वेळाने तांब्या पुढे करायची. "पी. पाणी प्याला काय अवघड हाय?" खाटेवर पडून मला कळलं की दुखणंसुद्धा एकसारखं नसतं. सकाळी ते मांडीच्या पुढच्या बाजूला असायचं, दुपारी गुडघ्याच्या वर सरकायचं. पहिल्यांदा आधाराशिवाय मोरीपर्यंत गेले, तेव्हा अप्पांनी टाळी वाजवली.

निघायच्या आदल्या दिवशी अप्पा शेजाऱ्याच्या टेम्पोतून बेल्ह्याच्या बैलबाजाराला निघाले होते. शेजाऱ्याला बैल बघायचा होता. "चल, बसून बघ," म्हणाले. मी पुढच्या सीटवर बसले. बाजार म्हणजे शिंगांचं रान. धूळ, गुलाल, मोटरसायकली, रुमालाखाली हात घालून ठरणारे भाव. मी खाली उतरून चार पावलं चालले, तर एक व्यापारी माझ्या चालीकडे बघून अप्पांना म्हणाला, "पावणं, ताईंच्या पायाला काय झालं?"

"गड चढून आल्यात," अप्पा म्हणाले.

"कशापायी?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी भज्यांच्या गाडीकडे निघाले. व्यापारी बैलाकडे वळला. आम्ही भजी खाल्ली. सावलीत बसून मी बैलांच्या चाली बघत राहिले. प्रत्येकाची वेगळी. काही वाटेल तसं पाऊल टाकतात, काही तोलून. मनात आलं, चावंडची टाकी अशी बसून बघितली असती तर.

पुण्याला परतल्यावर पुढचा रिपोर्ट स्वच्छ आला, तरी महिनाभर जिने बंद होते. नंतर हळूहळू चालणं सुरू केलं. माझ्यात काय उरलं असं विचाराल, तर दोन दिवसांत धावत बघितलेल्या गडांपैकी फार थोडं. लेण्याद्रीचे हत्ती मला आजही नीट आठवत नाहीत. पण त्या पडवीतून दिसणारा रस्ता, तांब्याचं गार पाणी आणि आपल्या अंगात काय चाललंय याचं कुतूहल, हे टिकलं.

पावसाळा संपल्यावर मी पहिल्यांदा पर्वतीला गेले. अर्ध्या वाटेत मांड्या जड झाल्या. मी पायरीच्या कडेला बसले आणि शहराकडे बघू लागले. रोज येणाऱ्या एक काकू माझ्याजवळ थांबल्या.

"बरं वाटत नाही का गं?"

"बरं वाटतंय, काकू," मी म्हणाले. "म्हणूनच थांबलेय."