बिनवासाचा मसाला

वडिलांच्या नाकावर आमच्या घराचा फार विश्वास. दूध करपलं तर ते बाहेरच्या खोलीतून ओरडायचे. त्यामुळे पुण्याहून आलेल्या गोड्या मसाल्याच्या डब्यात नाक घालून ते म्हणाले, "याला वासच नाही," आणि आमच्या काकूवरचा खटला तिथेच निकालात निघाला.

काकू म्हणजे वडिलांची वहिनी. आई नसलेल्या या धाकट्या दिराला तिनेच वाढवलं होतं. वडिलांची बदली कलकत्त्याला झाल्यापासून दर उन्हाळ्यात ती वर्षाचा मसाला कुटून कुणा येणाऱ्याबरोबर पाठवायची आणि आम्ही तो हावडा स्टेशनवरून आणायचो. कलकत्त्यात सगळं मिळे, गोडा मसाला मिळत नसे.

"ताजा स्वतःला ठेवला आणि आपल्याला गेल्या वर्षीचा तळ खरडून पाठवला," आई म्हणाली. जावेबद्दल तिच्या मनात जुनी अढी होतीच. तिनेही वास घेतला आणि तिलाही तो येईना. मला तर दगडफुलाचा खमंग वास स्पष्ट येत होता. तसं म्हटलं तर आई म्हणे, "तुला काय, काकूचं सगळंच गोड!"

आईने लगेच पुण्याला कळवलं की मसाल्याची तसदी घेऊ नये, इथे उत्तम मिळतो. उत्तर आलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात डबाही आला नाही. वडील आमटी मुकाट्याने खायचे, पण पोस्टमन आला की आधी उठायचे. मला आईचा भयंकर राग यायचा.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचे, कलकत्त्यातल्या नक्षलवादी धुमश्चक्रीचे ते दिवसच संशयाचे होते. गल्लीत अनोळखी माणूस दिसला की खिडक्या लागायच्या. नाक्यावर पहारा देणाऱ्या पोरांनी एकदा आमच्याच घरमालकाच्या पुतण्याला परका समजून बदडलं होतं. त्यात वडील पाय घासत चालू लागले, चेहरा ताठरला, आणि ऑफिसात कुजबुज सुरू झाली की साहेब घेतात. ती आईच्या कानावर आली. मग ते दारात आले की ती काहीतरी निमित्त काढून त्यांच्या तोंडाचा वास घ्यायची. तिला काही सापडलं नाही, तरी संशय गेला नाही.

हात कापायला लागला तेव्हा कुठे आम्ही मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वडिलांना डोळे मिटायला लावले आणि नाकाखाली कॉफीची पूड धरली.

"कसला वास येतोय?"

"कसलाच नाही."

डॉक्टरांनी विचारलं, "नाक कधीपासून गेलंय?" वडील गोंधळून आईकडे पाहू लागले. आई खाली बघत राहिली.

तो पार्किन्सन्स होता. हात कापण्याच्या कितीतरी आधी या रोगात नाक जाऊ शकतं, हे मी फार पुढे वाचलं. आणखीही वाचलं. शरीराची राखण करणाऱ्या पेशींवरच आता शास्त्रज्ञांचा संशय आहे. मेंदूतल्या पेशींमध्ये एक प्रथिन बिघडून साठतं, त्याला या राखणदार पेशी बहुधा शत्रू समजतात आणि ज्यांना जपायचं त्या पेशींवरच तुटून पडतात. सुरुवात त्यांच्यापासून होते की त्या मागून येऊन आगीत तेल ओततात, याचा निकाल अजून लागलेला नाही. मला मात्र वाचता वाचता आमचं स्वयंपाकघर आठवलं. आईही घरच राखत होती.

घरी आल्यावर आईने काकूला सगळं लिहिलं, स्वतःची चूकसुद्धा. उत्तर म्हणून काकू स्वतःच गाडीत बसली.

हावड्याच्या फलाटावर तिने पिशवीतून डबा काढून वडिलांच्या हातात दिला. डबा थरथरू लागला. वडिलांनी तो घाईघाईने नाकाशी नेला आणि डोळे मिटून मोठ्याने म्हणाले, "वहिनी, काय घमघमाट सुटलाय!"

झाकणाभोवतीची चिकटपट्टी अजून तशीच होती.

काकूने ती पाहिली, आईनेही पाहिली. काकूने त्यांच्या हातांवर स्वतःचे हात ठेवले. "हो रे बाळा," ती म्हणाली, "यंदा दगडफूल चांगलं मिळालं."

आई पाठ फिरवून हमाल शोधू लागली. हमाल तिच्या समोरच उभा होता.