मथूमामी आणि हिंगण्याची वाट

मथूमामीला सायकल चालवता येत असे, पण सायकलवरून उतरता येत नसे. ही गोष्ट नागपूरच्या धरमपेठेत, मामांच्या आळीत सगळ्यांना ठाऊक होती. सकाळी ती समोरून येताना दिसली की भाजीवाली आपली टोपली उचलून कडेला घेई आणि टांगेवाला घोड्याचा लगाम खेचून धरी. सायकलला चांगली पितळी घंटी होती, पण मामीचा तिच्यावर विश्वास नव्हता. "घंटी आयकली का माणूस मागं वळून पाहाले थांबते. वरडलं का बाजूले होते," असं ती सांगे. म्हणून ती लांबूनच ओरडे, "सरका गा सरका, मले थांबता येत नाही!"

बसायचं ते घरासमोरच्या ओट्यावरून. उतरायची वेळ आली की मामा आधी पुढे जाऊन आपली सायकल भिंतीला टेकवत, रस्त्यात दोन्ही पाय रोवून उभे राहत आणि मामी जवळ येताच तिचं हँडल घट्ट पकडत. मामी मग एखाद्या राणीसारखी खाली उतरे.

आम्ही जबलपूरला राहत असू. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की आई मला आणि माझा मोठा भाऊ बाळू याला नागपूरला मामांकडे आणून सोडी. मामा सरकारी कचेरीत नकाशे काढायच्या कामावर होते. त्यांच्याकडे एक सायकल होती. पुढच्या दांडीवर बाळू, मागे कॅरियरवर मी, असे आम्ही तिघं रोज सकाळी अंबाझरीच्या तलावावर जायचो. मामी फाटकाशी उभी राहून हात हलवायची आणि आम्ही परत येईपर्यंत तिच्या भाकरी झालेल्या असायच्या. दोन सुट्ट्या अशा गेल्या. तिसऱ्या वर्षी आम्ही आलो तेव्हा अंगणात एक बायकांची सायकल उभी होती. कुणी एक नर्स नागपूर सोडून चालली होती, तिची ती मामांनी मामीसाठी घेतली होती.

"तुमी तिघं तलाव पाहून येता, अन् मी चुलीपाशी बसून त्याच्या नुसत्या गोष्टी आयकू काय?" मामी आम्हाला म्हणाली. "मलेही तलाव पाहू द्या."

ती काटोलकडच्या खेड्यातली, कास्तकाराच्या घरची. नऊवारी लुगड्याचा काष्टा तिला सायकलवर फार सोयीचा पडे. शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईंनी एकदा तिला अडवून विचारलं, की बाईमाणसाला हे शोभतं का? मामी म्हणाली, "माहेरी मी बैलबंडी हाकत होती, मावशी. हिले त चाराही टाका लागत नाही." दुसऱ्या दिवशी मामी कशी जाते ते पाहायला त्याच बाई सगळ्यांच्या आधी दारात येऊन उभ्या राहिल्या.

त्या मे महिन्यात हिंगण्याच्या खुशालरावांनी आम्हाला आंब्याचा रस खायला बोलावलं. ते मामांचे ओळखीचे शेतकरी. हिंगणा तेव्हा लहानसं खेडं होतं आणि अंबाझरी मागे पडली की पुढे सगळा बैलगाडीचा कच्चा रस्ता. उन्हाआधी पोहोचायचं म्हणून आम्ही उजाडताच निघालो. बाळू मामांच्या मागे बसला आणि मी पहिल्यांदाच मामीच्या मागे. मामीने आमच्या दोघांच्या खिशात एकेक कांदा घातला, कारण कांदा जवळ असला की ऊन लागत नाही असं तिचं ठाम मत होतं. मग ओट्यावरून सायकलवर बसता बसता तिने सगळ्यांना बजावलं, "कोनाले काही पायजे असन त आत्ताच सांगा. आता मी हिंगण्यालेच उतरीन."

अर्ध्याहून जास्त वाट सुखात गेली. रस्त्यावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. मामा पुढून ओरडून गावांची नावं सांगत होते आणि मामी मागून "आयकू नाही येत!" असं उत्तर देत होती. एका उतारावर मामांचं पुढचं चाक बैलगाडीच्या खोल चाकोरीत गेलं. सायकल आडवी झाली. बाळू बाजूच्या गवतात फेकला गेला. त्याचं कोपर तेवढं खरचटलं. मामांचा पाय मात्र सायकलखाली सापडला.

मामीला थांबता येईना. आम्ही त्यांच्या जवळून सरळ पुढे गेलो. जाता जाता तिने विचारलं, "अवजी, पडले काय?"

"पडलो!" मामा म्हणाले.

पुढे नांगरटीआधीचं मोकळं शेत होतं. मामीने त्यात सायकल वळवली आणि परत आली. "पाय हालते काय?"

"नाही हालत!"

पुन्हा आम्ही दूर गेलो आणि पुन्हा वळलो. तिसऱ्या वेळी ती ओरडली, "बाळू, धर गा मले!" बाळूने धावत येऊन हँडल पकडलं आणि आम्ही तिघंही धुळीत पडलो. पुढे कित्येक वर्षं हा प्रसंग सांगताना आम्ही हसून हसून लोळायचो. त्या वेळी कुणीच हसलं नाही. मामांचा घोटा पाहता पाहता सुजला होता आणि पाऊल भलत्याच बाजूला वळलं होतं. त्यांच्या सायकलला पाण्याची कातडी पिशवी बांधलेली होती. ती फाटून सगळं पाणी मातीत जिरलं होतं.

आम्ही मामांना धरून बाभळीच्या सावलीत बसवलं. सावली कसली, नुसती जाळीच. मामा म्हणाले, "इथंच थांबू. एखादी बंडी येईलच."

मामीने वर सूर्याकडे पाहिलं. "बंडी येईन तवा येईन. ऊन त येऊनच राहिलं."

हिंगणा अजून कोसभर होतं. तिथून गाडी आणायची, असं तिने ठरवलं. मामांनी माझ्याकडे बोट दाखवून पोरीला तरी इथे ठेव म्हटलं, पण तिने ऐकलं नाही. "पानी तिकडं आहे. लहान लेकराले पान्याकडंच नेलं पायजे." आपल्या पिशवीतला पंचा तिने मामांच्या डोक्याला गुंडाळला आणि बाळूला म्हणाली, "मामासंगं बोलत राहाचं. चूप बसू द्याचं नाही त्याईले."

सायकलवर बसायला तिथे ओटा नव्हता. शेताच्या बांधावर चढून तिने सायकल खाली उभी केली, बाळूने ती धरली आणि मला मागे बसवलं. पहिल्यांदा आम्ही दोघी पडलो. दुसऱ्यांदा चाकं वेडीवाकडी धावली, मग सरळ झाली आणि आम्ही निघालो.

मी तेव्हा सहा वर्षांची होते. तिच्या कमरेला मिठी मारून मी तिच्या पाठीवर गाल टेकला होता. वारा तापू लागला होता. ओठ कोरडे पडले होते आणि मला रडायचं होतं. पण मामी मला रडायला सवडच देत नव्हती.

"कुसे, मागं पाह्य. मामा दिसते काय?"

"दिसतो."

जरा वेळाने, "आता?"

"झाड दिसतं फक्त."

"झाड दिसते म्हंजे मामा आहेच तिथं. आंबे किती खाशीन?"

"पाच."

"पाचच? मी त बारा खाईन. तेराव्याचा इचार मंग करू."

अशी ती कोसभर बोलत राहिली. शेवटी गाव दिसलं. खुशालरावांचं खळं रस्त्यालगतच होतं. तिथे दोन गडी बैलांसाठी कुटाराचा, म्हणजे पिकाच्या वाळलेल्या भुशाचा, ढीग रचत होते. "धरा गा, धरा आमाले!" मामी ओरडली. एक बाई लहान मुलीला घेऊन सायकलवरून अंगावर येते आहे हे पाहून ते दोघेही धरायचं सोडून बाजूला पळाले. मामीने क्षणभरही विचार केला नाही. हँडल वळवलं आणि सायकल सरळ ढिगात घातली.

आम्ही गळ्यापर्यंत कुटारात होतो. माझ्या नाकातोंडात भुसा गेला. मामीचं डोकं शेजारून वर आलं. केसांत, भुवयांवर, कुंकवावर सगळीकडे भुसा. धावत आलेल्या खुशालरावांना ती म्हणाली, "भाऊ, बैल जुंपा. तुमचे पाव्हणे रस्त्यात पडून आहेत. अन् आधी ह्या पोरीले पानी द्या."

मी माठातलं पाणी पीत होते तेवढ्यात गाडी निघालीही. खुशालरावांच्या बायकोने मामीला पुष्कळ थांबवलं, पण ती पाण्याची घागर मांडीवर घेऊन गाडीत बसून गेली. ते पोहोचले तेव्हा मामा धुळीत काडीने मध्य प्रांताचा नकाशा काढत होते आणि बाळूला त्यात जबलपूर कुठे ते दाखवायला सांगत होते. बाळूने जबलपूर नर्मदेच्या पात्रात नेऊन ठेवलं होतं, असं मामांनी त्या वेदनेतही मामीला सांगितलं.

दुपारचं ऊन आम्ही खुशालरावांच्या गार माजघरात काढलं. मामांच्या पायाला आंबेहळदीचा लेप लावून फळ्यांनी बांधलं होतं आणि त्यांनी पडल्या पडल्या तीन वाट्या रस खाल्ला. मी पाच आंबे खाल्ले. मामीने किती खाल्ले ते मोजायचं राहून गेलं, कारण ती जेवता जेवताच भिंतीला टेकून झोपली होती. उन्हं कलल्यावर दोन्ही सायकली गाडीत घालून आम्ही नागपूरला परतलो. मामांचा पाय सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. पकडणारा खाटेवर पडल्यावर मामी दोन दिवसांत सायकलवरून उतरायला शिकली. उरलेल्या सुट्टीत ती एकेका दिवशी आमच्यातल्या एकेकाला मागे बसवून तलावावर नेई आणि परत आल्यावर तलावाची गोष्ट मामांना सांगायला लावी.

मामा-मामींना मूल नव्हतं. हे मला मी बरीच मोठी होईपर्यंत कधी जाणवलंच नाही.

पुढे माझं लग्न झालं, मी रायपूरला गेले. मामी वारली त्याच्या आदल्या वर्षी मी माझ्या मुलीला घेऊन तिला भेटायला गेले होते. ती फार थकली होती, पण बोलणं तसंच होतं. माझ्या मुलीने तिच्याकडून हिंगण्याची गोष्ट दोनदा ऐकली. मुलगी अंगणात खेळायला गेल्यावर मी इतक्या वर्षांनी मामीला विचारलं, "मामी, तुला त्या दिवशी भीती वाटली नाही?"

"वाटली नाही कशी?" मामी म्हणाली. "बांधावर उभी होती तवा पाय लटलट कापून राहिले होते माह्ये. पन मंग तू मागून माह्या कमरेले मिठी मारली. मी कापली असती त तुह्या हाताले समजलं असतं, कुसे. म्हनून मंग मी कापलीच नाही."