कश्यप गोत्राची अडचण

तुळशीचं लग्न लागून गेलं होतं, आणि डोंबिवली पूर्वेला कुमुदताईंच्या वधूवर केंद्रात पाय ठेवायला जागा नव्हती. नव्वदच्या दशकाची सुरुवात... पहिल्या मजल्यावरची एक खोली, दोन बाकं आणि कोपऱ्यात शाल पांघरलेला कॉम्प्युटर.

त्या कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम माझा. चाळिशी उलटलेली, नोकरी ठाण्याला, पण शनिवारी दुपारी मी इथे. मुलीचा नंबर टाकायचा, की वय, उंची, शिक्षण जुळवून आणि सगोत्र मुलं वगळून स्थळांची यादी प्रिंटरवर करकरत बाहेर. प्रोग्राम लिहिताना मला शाळेतल्या वृत्तांची आठवण यायची... लघु-गुरू नीट बसले की ओळ कशी आपोआप चालू लागते, तसंच काहीसं.

पण एका मुलीपाशी ही ओळ चालेना.

कल्याणची सुनंदा. बालवाडीत शिकवायची. आई लहानपणीच गेलेली, मावशीने वाढवलेली. मावशी दर शनिवारी यायची आणि दर शनिवारी सुनंदाच्या यादीत एखादंच नाव यायचं, तेही न जमणारं. शेजारच्या बाकावरच्या बायका हातभर कागद घडी करून पिशवीत घालायच्या... आणि ही रिकामी पिशवी सावरत जिना उतरायची.

एका शनिवारी मात्र तिने सांगून टाकलं. मानपाड्याच्या एका कारखान्यातले बिजवर होते, सुनंदापेक्षा बरेच मोठे. रविवारी त्यांना होकार कळवणार होती. "पोरगी नाही म्हणत नाही हो," ती म्हणाली, "पण हसतही नाही."

कुमुदताईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सुधीर, तुझ्या या पेटीला आमची सुनंदा का आवडत नाही रे?"

आता उत्तर द्यायलाच हवं होतं. खरं तर आठवडाभर मी तेच शोधत होतो. फ्लॉपी बदलून पाहिली, व्हायरस आहे का तपासलं, वयाचा हिशेब हाताने करून पाहिला. ठाण्याच्या ऑफिसातल्या मशीनवर तोच प्रोग्राम माझ्या नमुन्याच्या नावांवर चालवला... तिथे अगदी भुजंगप्रयातासारखा डौलात चालला. एक ओळ अडखळेल तर शपथ.

मग काही सुचेना म्हणून मी नुसता कुमुदताईंच्या शेजारी एक डुगडुगतं स्टूल ओढून बसलो. त्या नवे फॉर्म भरत होत्या. नाव, जन्मतारीख, उंची... एका फॉर्मवर गोत्राची जागा कोरी होती. ताईंची बोटं क्षणभरही थांबली नाहीत. त्यांनी 'कश्यप' टाइप केलं आणि पुढे गेल्या.

पुढचा फॉर्म. गोत्र कोरं. पुन्हा कश्यप.

मी विचारलं तर त्यांनाच नवल वाटलं. "अरे, माहीत नसेल तर कश्यपच की. पूजेला बसलं की गुरुजी नाही का तेच म्हणत? आणि जागा रिकामी ठेवली की तुझी पेटी टूं करून बोंबलते, पुढे जाऊ देत नाही."

कोकणातून, देशावरून इथे आलेली कितीतरी घरं अशी, की जिथे गोत्र कधी कुणी विचारलंच नव्हतं. सुनंदाचं घर त्यातलंच, आणि तिला शोभतील अशी मुलंही बहुतेक त्याच घरांतली. ती सगळी माझ्या प्रोग्रामच्या लेखी एका गोत्राची... म्हणजे भावंडं! माझ्या नमुन्यातल्या नावांना मी मात्र हौसेने वेगवेगळी गोत्रं वाटली होती.

प्रोग्रामची दुरुस्ती दोन ओळींची होती. गोत्र कोरं चालेल, आणि कोरं असेल तर वगळायचं नाही. पण आधी भरलेल्या कश्यपांतले खरे कोण, हे मशीनला कसं कळणार? तेव्हा मावशीनेच पदर खोचला. ती जुने फॉर्म वाचू लागली, ताई दुरुस्त करू लागल्या, मी चहा आणायला गेलो.

उन्हं उतरता उतरता सुनंदाचा नंबर टाकला. प्रिंटर सुरू झाला... आणि थांबेचना. कागद टेबलावरून खाली लोंबायला लागला. मावशीने तो जमिनीला टेकू दिला नाही. दोन्ही हातांच्या ओंजळीत झेलत राहिली.

रविवारी मानपाड्याला होकार गेला नाही.

पुढच्या वैशाखात कल्याणला सुनंदाचं लग्न झालं. मुलगा ठाण्याचा, त्याच यादीतला. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. गुरुजींनी मुलीचं गोत्र विचारलं. मावशी म्हणाली, माहीत नाही. गुरुजी म्हणाले, मग कश्यप म्हणू. मग मुलाकडच्यांकडे वळले. त्यांनाही ठाऊक नव्हतं. गुरुजींनी सवयीने 'क' उच्चारला... आणि थांबले.

माझा प्रोग्राम जिथे अडायचा, अगदी तिथेच गुरुजी अडले होते.

त्यांनी एकदा सुनंदाकडे पाहिलं. ती चक्क हसत होती. मग तेही हसले. "दोघांनाही माहीत नाही, म्हणून दोघांचं एकच, असं थोडंच आहे?" म्हणाले, आणि पुढचा मंत्र सुरू केला.

वृत्तात यती असते ना... श्वासापुरता थांबा. तेवढेच थांबले ते.

आज माझी नात घोडबंदर रोडच्या ऑफिसात मोबाइलची ॲप्स करते. काही अडलं की कधीतरी आजोबांना फोन करते. तिची भाषा मला निम्मी कळत नाही. मी एवढंच विचारतो, वापरणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसलीस का गं? ती हसते... पण जाते म्हणे.

कुमुदताई आता नाहीत. त्यांच्या शेजारचं ते डुगडुगतं स्टूल मात्र माझ्यासाठी अजून तिथेच आहे.