परराज्यातला ऑरिन टेगलँड

ऑरिन टेगलँड ज्या डोंगराखाली जन्मला, त्याच डोंगरात शिकारीला शिरायचं तर बहात्तराव्या वर्षी त्याला कुणीतरी सोबत न्यावं लागणार होतं. तसा कायदाच होता.

बायको हेडविग गेल्यावर त्यानं वायोमिंग राज्यातलं कुरण, घर, घोडे सगळं विकलं आणि नेब्रास्कात मुलीकडे जाऊन राहिला. तिथं गाडीचा परवाना काढला, तिथंच मतदान केलं. झालं, वायोमिंगच्या लेखी ऑरिन परराज्यातला. शरद ऋतू आला आणि सपाट मक्याच्या शेतांकडे बघून त्याचा जीव गुदमरायला लागला. एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचा परराज्याचा परवाना वायोमिंगच्या रहिवाशाच्या दहा-बारा पट महाग, तोही सोडतीत नाव निघालं तर. त्याचं निघालं. आईबाप ज्या गावात पुरले होते, तिथल्या काडतुसांच्या दुकानात तो शिरला, तेव्हा दुकानदार लाइल ओरडला, "या, या पाहुणे! आमच्याकडची हवा मानवते ना?"

ऑरिन हसला, पण ते त्याला लागलं.

राखीव रानात परराज्यातल्या माणसाला एकट्यानं शिकार करायची मुभा नव्हती. एकतर धंदेवाईक वाटाड्या घ्यायचा, नाहीतर इथला रहिवासी. वाटाड्या परवडणारा नव्हता. जुने सोबती कुणी गेलेले, कुणी गुडघे धरून बसलेले. उरली रोवेना प्राइस. जॉर्जियातून आलेली, परिचारिकेची नोकरी करून निवृत्त झालेली बाई. ऑरिनचं कुरण तिनंच घेतलं होतं.

"चार वर्षांपूर्वी आलात आणि तुम्ही इथल्या," वर चढताना तो म्हणाला. "मी जन्मलो इथं, आणि मी बाहेरचा."

"मग काय करू? माफी मागू?" रोवेना म्हणाली. "त्यापेक्षा खोगिराचा पट्टा आवळा. सैल दिसतोय."

दुसऱ्या दिवशी सूर्य कलताना ऑरिननं एका दांडग्या नराला एका गोळीत पाडलं. पोट साफ करेपर्यंत अंधारून आलं. एवढं धूड त्या वेळी हलवणं दोघांच्या आवाक्यातलं नव्हतं.

"गोळीचा आवाज ऐकून अस्वलं येतात म्हणे," रोवेना म्हणाली.

"येतात कधीकधी," ऑरिन म्हणाला आणि त्यानं सुरी पुसली.

सकाळी ते परत आले तेव्हा डोमकावळे देवदारांच्या शेंड्यांवर गप्प बसले होते. एकही खाली उतरत नव्हता. रोवेनाचा घोडा पुढे पाऊल टाकेना. दोन्ही घोडे मागेच बांधून ते पायी गेले. जिथं एल्क पडला होता, तिथं आता माती, पाला आणि उपटलेल्या गवताचा ढीग होता. त्यातून शिंगाचं एक टोक वर आलेलं. हवेत ओल्या कुत्र्यासारखा वास होता.

अस्वल शिकार पुरून ठेवतं आणि मग लांब जात नाही, हे ऑरिनला लहानपणापासून माहीत होतं.

"चला मागे," रोवेना हळूच म्हणाली.

"एक मांडी तोडून घेतो. एवढंच."

"अहो ऑरिन, ते आता तुमचं नाहीये."

"वर्षभर पोटाला चिमटा घेऊन परवाना काढलाय, बाई. माझं नाही तर कुणाचं?"

तो वाकून माती उकरू लागला. रोवेना त्याला टाकून गेली नाही. हातात अस्वल पळवायच्या मिरचीच्या फवाऱ्याचा डबा धरून, त्याच्याकडे पाठ करून झाडीवर नजर ठेवत उभी राहिली.

अस्वल बाजूच्या घळीतून आलं. गुरगुरलं नाही, काही नाही. ऑरिननं मान वर केली तोवर रोवेना खाली होती आणि तिची मांडी अस्वलाच्या जबड्यात. बंदूक त्यानं उचलली, पण दोघं अशी एकात एक गुंतली होती की गोळी कुणाला लागेल याचा नेम नव्हता. बंदूक टाकून त्यानं तिच्या हातून सुटलेला डबा धरला आणि अगदी जवळ जाऊन अस्वलाच्या तोंडावर फवारला. ते नाक घासत, खोकत झाडीत घुसलं. ऑरिनच्याही डोळ्यांची आग आग झाली. रडत, चाचपडत त्यानं कमरेचा पट्टा काढून तिच्या मांडीला आवळला.

"घट्ट," रोवेना दात आवळून म्हणाली. "अजून. मी ओरडले तरी सोडू नका."

तिला घोड्यावर घालून तो लगाम धरून उतरू लागला. वाटेच्या वरच्या अंगाला झाडीत काहीतरी चालत होतं. तो थांबला की तेही थांबायचं. निघाला की पुन्हा पाचोळा वाजायचा. ओढ्याच्या वळणापर्यंत ते बरोबर आलं. ऑरिननं एकदाही मागे बघितलं नाही. रोवेनाशी मात्र सारखा बोलत राहिला, हेडविगबद्दल, घराच्या गळक्या छपराबद्दल, तोंडाला येईल ते.

रोवेना वाचली. पाय मात्र कायमचा ताठ राहिला.

ऑरिन नेब्रास्काला परतला नाही. जे घर त्यानं विकलं होतं, त्याच्याच मागच्या गड्याच्या खोलीत राहिला. घोड्यांना वैरण घातली, लाकडं फोडली, बर्फ उपसलं. मुलगी फोनवर म्हणायची, "बाबा, पुरे झालं आता, या ना." तो म्हणायचा, "घोड्यांचं कोण बघेल?" रोवेनानं त्याला कधी बोल लावला नाही. फक्त स्वयंपाकघरात बसली की तिची खुर्ची झाडीकडे तोंड करून असायची. ते अस्वल कुणाला सापडलं नव्हतं.

वर्ष उलटलं आणि ऑरिन पुन्हा इथला रहिवासी झाला. लाइलनं जुन्या स्वस्त दरात परवाना दिला, थट्टा केली नाही. ऑरिनला जायचंच नव्हतं. रोवेना म्हणाली, "जा हो. नाहीतर मी लंगडत येते बरोबर."

तो गेला, पण सडकेजवळच्या खालच्या रानात. आता सोबतीची सक्ती नव्हती. दुपारी एक एल्क मादी पाण्यावर आली. त्यानं नेम धरला. इतक्यात मागच्या झुडपात काहीतरी जड हललं आणि थांबलं. मादी कान टवकारून त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिली, मग उधळली. ऑरिननं वळून बघितलं नाही. बंदुकीतली गोळी काढून खिशात टाकली आणि सावकाश, न धावता, सडकेच्या दिशेनं चालत राहिला.

"काही दिसलं?" घरी आल्यावर रोवेनानं विचारलं.

"नाही," तो म्हणाला.

त्यानं खिशातून काढून टेबलावर ठेवलेल्या गोळीकडे तिनं बघितलं, मग खिडकीबाहेर. उठून तिनं दाराची कडी लावली, आणि त्याच्यासाठी कॉफी ओतली.